सर्व्हरचं बारसं

बाळाच्या बारशाला कानात 'कुर्र' करायला एक आत्या पुरते. सर्व्हरच्या बारशाला अख्खं ऑफिस आत्या होऊन येतं. पहिली सूचना ठरलेली: किल्ले! मग 'तोरणा पडला, जेवून आल्यावर उचलतो' असले निरोप फिरतात. तिथवर मौज. पण रात्री दोन वाजता खरखरत्या फोनवर 'रायगड रीस्टार्ट कर' म्हणा, पलीकडचा इमानदारीत राजगड रीस्टार्ट करतो. सिंहगड रोमनमध्ये लिहिताना 'एच'नंतर 'ए' घालायचा की नाही, यावरही दोन तट. ज्याचा अंदाज चुकेल त्याला होस्ट, म्हणजे ते मशीनच, सापडत नाही.

विंडोजचं आणखी निराळं. त्याच्या जुन्या नेटबायोस (ऑफिसच्या नेटवर्कवर मशीन ओळखायची जुनी पद्धत) नावात पंधराच अक्षरं मावतात; सोळावी जागा सेवेच्या प्रकारासाठी राखीव. 'सिंधुदुर्ग-बॅकअप-०१' ची रोमन अक्षरं, रेघा धरून, वीस. पंधरावर कापलं की उरतं 'सिंधुदुर्ग-बॅक', आणि ०२ चंही तेच. जुळ्यांची नावं एकच, मग नेटवर्कवर भांडण ठरलेलं. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, ठिपक्यांमधल्या एका तुकड्याला ६३ अक्षरं चालतात, पण म्हणून निबंध लिहू नये. अंडरस्कोर तर नकोच.

मशीनला स्वतःचं किंवा प्रोजेक्टचं नाव देऊ नका, हे आरएफसी ११७८ या इंटरनेटवाल्यांच्या दस्तऐवजाने १९९० सालीच सांगून ठेवलंय. 'नवा-सर्व्हर' नावाचं मशीन रॅकमधलं सगळ्यात म्हातारं असतं आणि 'टेस्ट'वर पगार निघत असतात.

माझं मत रुक्ष आहे: 'पीएनक्यू-डीबी-०१'. शहर (पीएनक्यू हा पुणे विमानतळाचा कोड), काम (डीबी म्हणजे डेटाबेस), दोन आकडी क्रमांक. नुसता १ लिहिलात तर यादीत १ नंतर १० येतो, २ बिचारा मागे. रॅक नंबर नावात नको, मशीन हलतं. भंगारात गेलेल्याचा क्रमांक पुन्हा वापरू नये, नाहीतर जुने लॉग, म्हणजे जुन्या मशीनच्या नोंदी, नव्याच्या माथी बसतात.

लोकांना मात्र 'पगार' हे टोपणनाव द्यायचं, म्हणजे डीएनएसमधला सीनेम. मशीन बदलायचं असेल तर आदल्या दिवशीच त्या सीनेमचा टीटीएल (मिळालेलं उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत) ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणायचा, मग सीनेम नव्याकडे वळवायचा. हे विसरलात तर काहीजण दिवसभर जुन्याच दारावर टकटक करत बसतात. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटमध्येही टोपणनाव हवं, नाहीतर ब्राउझर बोंब मारतो.

आणि किल्ल्यांची हौस? मीटिंग रूम आहेत की! राजगडाऐवजी कुणी रायगडात जाऊन बसलं, तरी पगार थांबत नाहीत.