‘शौक’ म्हणालात, म्हणून हे उत्तर

माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. शिकागोतली डॉमिनिक्स या सुपरमार्केट साखळीची दुकानं बंद झाल्यापासून आमच्या घरचा बाजार देशी, मेक्सिकन आणि चिनी-कोरियन दुकानांतूनच होतो आणि फारसं काही अडत नाही, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिलंत, ‘हा गाडी आणि रिकामा वेळ असलेल्यांचा शौक आहे, तो इथे मिरवू नका.’

आधी माझी चूक. डॉमिनिक्स 2014 मध्ये बंद झालं असं मी लिहिलं होतं. ते 28 डिसेंबर 2013 ला झालं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘शौक’. आणि ‘मिरवू नका’. अनोळखी बाईशी बोलताना हा शब्द आपल्याला सुचतो तरी कसा?

मी 2006 च्या जानेवारीत इथे आले. गाडी नव्हती, लायसन्स नव्हतं, मुलगी सात महिन्यांची. नवरा सोमवार ते गुरुवार कामासाठी दुसऱ्या गावी. शिकागोच्या रॉजर्स पार्क भागातून 155 नंबरच्या बसने मी डेव्हन अॅव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर, जायचे. मुलगी पोटाशी बांधलेली, एका हाताने दोन चाकांची पिशवीगाडी ओढायची, तीही बर्फातून. वीस पौंडांची कणीक, तूरडाळ, मेथीच्या दोन जुड्या. याला शौक म्हणतात का?

त्या रस्त्यावर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान 1974 मध्ये निघालं. ते काही कुणाची हौस भागवायला निघालं नव्हतं. इथे आलेल्या माणसांना डाळ-तांदूळ हवे होते आणि ते दुसरीकडे मिळत नव्हते, म्हणून निघालं. मेक्सिकन दुकानांचंही तेच. तिथे मला चिंच मिळाली, केळीची पानं मिळाली आणि पिलोनसियो नावाचा शंकूसारखा गूळ मिळाला. तो किसून मी पहिल्या संक्रांतीला तिळाच्या वड्या केल्या. चिनी भाजीवाल्याकडे दोडका आणि लाल माठ दिसला, तेव्हा मी तिथेच उभी राहून रडले आहे. पाटीवरचं नाव मला वाचता येत नव्हतं, पण पान ओळखीचं होतं. काउंटरवरच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि माझंही यथातथाच. त्यांनी लसूण दाखवला, तव्यावर परतायची खूण केली. म्हणजे आपल्यासारखीच भाजी! हे सगळं लेखात होतं. आपण तिथपर्यंत पोचला नाहीत, हे उघड आहे.

आणि वेळेचं म्हणाल, तर तीन दुकानं फिरायला वेळ लागतो, मान्य. पण माझी आई सांगलीत भाजी मंडईतून, किराणा वाण्याकडून आणि पीठ गिरणीतून आणायची. तिला कुणी रिकामटेकडी म्हटलं नाही.

आपल्या प्रतिक्रियेतले बाकीचे मुद्दे. बड्या दुकानाबरोबर त्यातलं औषधांचं काउंटरही जातं हे खरं, पण माझा लेख बाजारहाटाबद्दल होता. डॉमिनिक्समधल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्याचं मलाही वाईट वाटतं. पण 1918 पासून शिकागोत असलेलं ते नाव सेफवे या मोठ्या सुपरमार्केट कंपनीने 1998 मध्ये विकत घेतलं आणि पंधरा वर्षांनी गुंडाळलं. तो निर्णय वरच्या मालकांचा. माझ्या मेथीच्या जुडीने कुणाची नोकरी गेली नाही. छोट्या दुकानांत तारीख उलटलेली पाकिटं असतात म्हणता, तर तारीख बघून घ्यावी. मी सगळीकडेच बघते.

आपण वयाने मोठे असाल असं भाषेवरून वाटतं, म्हणून इतकंच लिहून थांबते. पुन्हा लिहिलंत तर तीही प्रतिक्रिया मी जशीच्या तशी ठेवीन. फक्त त्याआधी लेखातला बसचा परिच्छेद वाचा.