शेठ, अमेरिकेचं नाव सांगून १ मेची सुट्टी कापू नका

'अमेरिका महासत्ता का झाली?' अशी सुरुवात असलेला मेसेज तुम्हालाही आला असेल. मला तो दोन-तीनदा आला, मी न वाचता सोडून दिला. या वेळी तो माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला. ती पुण्यात साड्यांच्या एका मोठ्या दुकानात कामाला आहे. दुकानाच्या ग्रुपवर शेठनी तो मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी वाचा. १ मेला दुकान चालू राहील. जो येणार नाही त्याचा खाडा धरला जाईल.' बहिणीने मला एवढंच विचारलं, "दादा, अमेरिकेत खरंच असं असतं का रे?"

नाही. असं नसतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत वर्षाला चारच सुट्ट्या. त्याही सोमवारी, म्हणजे काम तुटत नाही. नेत्यांच्या जयंत्यांना सुट्टी नाही, धर्माच्या नावाने नाही. मिरवणुका नि फटाक्यांत कोणी वेळ घालवत नाही. मे महिन्यातला कामगार दिन ही रशियाची देणगी, अमेरिकेने ती घेतलीच नाही. आणि तरी तिथला कामगार सुखी, कारण ज्या चार सुट्ट्या आहेत त्या कायद्याने सगळ्यांना भरपगारी मिळतात.

शेवटचं आधी घेतो, कारण सगळ्यात धडधडीत खोटं तेच आहे आणि बहिणीच्या पगाराचा संबंधही त्याच्याशीच आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या सुट्ट्या आहेत अकरा. चार नव्हे, अकरा. पण त्या बंधनकारक आहेत त्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांपुरत्या. खाजगी दुकान, हॉटेल, गोदाम, कारखाना यांना त्या दिवशी सुट्टी द्यायची सक्ती केंद्राचा कायदा करत नाही. तिथल्या पगार नि कामाच्या तासांचा मूळ कायदा १९३८ चा आहे. त्याबद्दल अमेरिकेचं कामगार खातं स्वतःच स्पष्ट सांगतं की न केलेल्या कामाचे पैसे, मग ती सुट्टी असो की रजा, द्यायला हा कायदा मालकाला भाग पाडत नाही. तो मालक आणि नोकर यांच्यातला आपसातला करार. म्हणजे सौदा करायची ताकद असेल त्याला सुट्टी, नसेल त्याला काम.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत एका मोठ्या दुकानात काउंटरवर असते. मागच्या सप्टेंबरात तिथल्या कामगार दिनाला तिने जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल केला. मागे सामानाची खोकी रचलेली, हातात डब्यातला पोळीचा रोल, आणि छातीवर 'लेबर डे सेल' लिहिलेला बिल्ला. पंधरा मिनिटांत तिला परत काउंटरवर जायचं होतं. त्या दिवशी बँका बंद, शाळा बंद, सरकारी कचेऱ्या बंद. दुकानात कामाला असलेली बाई मात्र उभी.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. अगदी छोट्या दुकानांना तो तसा लागू होत नाही, हे खरं. पण बहिणीचं दुकान तीन मजली आहे आणि तिथे साठ माणसं कामाला आहेत. त्या कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत आणि त्यातल्या चार तारखा नावानिशी दिल्यात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. १ मे त्यात आहे, शेठ. कायद्यात लिहिलेल्या दिवसाचा खाडा धरता येत नाही. न्यू जर्सीतल्या बहिणीला जे मिळत नाही ते पुण्यातल्या बहिणीला कायद्याने दिलंय, आणि ते काढून घ्यायला हा मेसेज वापरला जातोय. माझा राग त्याचा आहे.

१ मे रशियाचा म्हणे! तो दिवस अमेरिकेच्या शिकागो शहराने जगाला दिला. १ मे १८८६ ला अमेरिकेतल्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला. ४ मेला शिकागोच्या हेमार्केट चौकात सभा चालू असताना बॉम्ब पडला, गोळीबार झाला. खटला आठ जणांवर चालला आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात चौघांना फाशी दिली. बॉम्ब कोणी टाकला ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. १८८९ ला पॅरिसच्या परिषदेने १ मे ही तारीख ठरवली ती या संपाची आठवण धरूनच. रशियात क्रांती झाली १९१७ ला. हिशेब ज्याचा त्याने करावा.

यात अर्ध सत्य एवढंच की अमेरिका १ मे पाळत नाही. ती सप्टेंबरचा पहिला सोमवार पाळते. न्यूयॉर्कमध्ये १८८२ पासून तशी मिरवणूक निघत होती, आणि १८९४ ला रेल्वेच्या पुलमन डब्यांच्या कामगारांचा मोठा संप पेटलेला असताना राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी त्या सुट्टीवर सही केली. म्हणजे तीही कामगारांनी रस्त्यावर उतरून मिळवलेली. आपल्या मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० ला मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं झगडल्यावर. कुठल्याच देशात सुट्टी मालकांनी आपणहून वाटलेली नाही.

बाकीचं भराभर. जयंत्या: जॉर्ज वॉशिंग्टन यांची फेब्रुवारीत, मार्टिन लूथर किंग यांची जानेवारीत. किंग यांच्या सुट्टीचा कायदा १९८३ ला झाला आणि सगळ्या राज्यांनी ती मान्य करायला २००० साल उजाडलं. इतकं भांडण एका जयंतीवरून झालंय तिथे. धर्म: नाताळ काय आहे मग? फटाके: ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, रात्री गावोगाव आकाश उजळतं. मिरवणुका: थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणाला, न्यूयॉर्कचे रस्ते बंद करून मोठी मिरवणूक १९२४ पासून निघते, आता तिच्यात प्रचंड फुगेही असतात.

सोमवारचा मुद्दा मात्र मान्य करावा लागेल. १९६८ च्या कायद्याने काही सुट्ट्या खरंच सोमवारी नेल्या. पण का? लोकांना शनिवार, रविवार, सोमवार असे सलग तीन दिवस घरच्यांबरोबर मिळावेत, फिरायला जाता यावं म्हणून. सुट्टी कमी करायला नव्हे, मोठी करायला. माजी सैनिकांचा दिवसही तसाच ऑक्टोबरातल्या सोमवारी हलवला होता. लोकांना ते पटलं नाही आणि १९७८ पासून तो परत ११ नोव्हेंबरला आणावा लागला, कारण पहिलं महायुद्ध त्या तारखेला थांबलं होतं. तारखेला अर्थ असतो, हे तिथल्या लोकांनाही कळतं. आपली १ मे हीच तर १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं ती तारीख.

बहिणीला मी कायद्यातलं ते कलम मराठीत लिहून पाठवलंय. ग्रुपवर टाकायला ती घाबरते, आणि तिचं घाबरणं मला समजतं. साडीची घडी चुकली तरी बोलणी खावी लागतात तिथे. म्हणून हे मी माझ्या नावाने लिहिलंय. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर त्याच्याखाली हे टाका.