नदी सजवा, मासे बघून घेतील

नदीचं पुनरुज्जीवन करायचं ठरवलंत? मग आधी पोकलेन मागवा. तळातले गोटे, वाळू, मध्येच डोकावणारे खडक उपसून पात्र परातीसारखं सपाट करा. गोट्यांच्या फटींतून पाणी खेळतं, म्हणून तिथल्या अंड्यांना प्राणवायू मिळतो. पण मासे काय, जागेबद्दल उगाच हट्टी. मळ्या तर दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. त्याला काँक्रीटची सवय होईल. उन्हाळ्यात धार आटली की मोठे मासे डोहात तग धरतात, तेव्हा डोहात राडारोडा ढकलून द्या.

नौकाविहार हवाच, म्हणजे बंधारा आला. पहिल्या पावसात चढणीचे मासे धारेविरुद्ध निघतात आणि भिंतीपाशी अडतात. खाली जाळं घेऊन बसलेल्यांची सोय! कुणी मत्स्यशिडी, म्हणजे माशांना बंधारा चढून जायची पायऱ्यांची वाट, मागितलीच तर बांधा, पण तिचं तोंड मुख्य धारेपासून लांब, कोपऱ्यात काढा. मासा पाण्याच्या जोराच्या मागे येतो. करंगळीएवढ्या धारेची शिडी त्याला सापडत नाही, फोटोग्राफरला सापडते. अमेरिकेत केनेबेक नदीवरचा १८३७चा एडवर्ड्‌स बंधारा १९९९ साली फोडला आणि समुद्रातले मासे पुन्हा वर चढले. सभेत हे काढणाऱ्याला चहा पाजा, विषय बदला.

सांडपाण्याचं नंतर बघू. माशांसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हा सरकारी निकष. नमुना दुपारी तीनला घ्या. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असतं, आकडा झकास येतो. पहाटे पाचला चुकूनही जाऊ नका. तेच शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढतं आणि मासे पृष्ठभागाशी तोंडं वासून दिसतात.

उद्घाटनाला पाहुण्यांच्या हस्ते गंगेकडच्या कटला-रोहूचं बीज सोडा. चिलापी या परदेशी माशाला आमंत्रण लागत नाही. नर मऊ गाळात वाडग्यासारखा खड्डा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. गाळ साचो नाहीतर गोटे जावोत, तिचं काही अडत नाही. वर्षभरात गळाला तीच लागेल. ‘मासे परतले’ म्हणून बातमी द्या, जात कोण विचारतंय?

आता घाटाच्या भिंतीवर महाशीर रंगवून घ्या. १८३९ साली कर्नल साइक्सने मुळा-मुठेतल्या महाशीराची शास्त्रात नोंद केली, ‘खुद्री’ या नावाने. चित्रकाराला तेवढं बजावा, त्याला मिशांच्या दोन जोड्या असतात.