होडी आमची, पाणी धरणाचं आणि ‘डॉकिंग’चे पैसे रिसॉर्टला

रूमचं भाडं आधी कळतं, जेवणाचं कळतं, एक्स्ट्रा गादीचंसुद्धा कळतं. होडी काठाला लावायचे पैसे मात्र होडी काठाला लागल्यावरच कळतात. मुंबईहून शनिवार-रविवार काढून जाता येईल अशा धरणांच्या काठी गेल्या काही वर्षांत जी रिसॉर्टं आणि तंबूवाले उगवलेत, त्यांच्यातल्या काहींनी ही नवी वसुली काढली आहे. त्यावर जरा लांबलचक लिहिणार आहे. रील बघायला आलेल्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आधीच सांगतो, धक्क्याचे पैसे घेण्याला माझा विरोध नाही. धक्का आपोआप उभा राहत नाही. रेडिओ क्लबजवळच्या नव्या जेट्टीवरून कुलाब्यात एवढा वाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या प्रकल्पाचा आकडाच २२९ कोटींचा आहे. गाळ काढावा लागतो, फळ्या कुजतात, दिवे लागतात, माणूस उभा करावा लागतो. घारापुरीला गेलात तर लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं आणि ग्रामपंचायतीचा पर्यटक कर वेगळा. कर अगदी किरकोळ आहे आणि त्याची पावती मिळते. त्या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचली ती २०१८ साली! गेटवेवरून जेमतेम दहा किलोमीटरवरचं गाव, समोर मुंबई रोज लखलखताना बघायची आणि स्वतः जनरेटरवर दिवस काढायचे. त्यांनी माणशी चार पैसे घेतले तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. वर्सोवा-मढ फेरीचंही तसंच. माणसाचे इतके, बाइकचे इतके, नाणी मोजून द्यायची आणि चढायचं.

माझं भांडण वेळेशी आहे. पैसे कधी सांगितले जातात, त्याच्याशी.

जमिनीवर हॉटेलवाल्याचा दर पटला नाही, तर आपण बॅगा उचलतो आणि शेजारच्याकडे जातो. पाण्यात शेजारचा नसतो. गेटवेहून लाँच सुटते, जरा पुढे जाते आणि मग एक पोरगा येऊन सांगतो, वरच्या डेकवर बसायचे पैसे वेगळे. रक्कम चिल्लर असते, आणि मुंबईकराला आता त्याची सवय आहे, पण हे मागण्याची वेळ बघा. धरणाच्या बॅकवॉटरला हेच जरा मोठ्या आकड्यात होतं. बोटीची पलीकडच्या देवळापर्यंतची राऊंड ठरलेली असते, आणि ते देऊळ दिसायला लागलं की नावाडी मान खाली घालून म्हणतो, “साहेब, उतरायचं असेल तर लँडिंगचं वेगळं पडतं.” मी एकदा विचारलं, कोणाला पडतं? तो म्हणाला, “तिकडची जेट्टी रिसॉर्टवाल्यांची आहे. ते माझ्याकडून घेतात, मी तुमच्याकडून.” त्याच्यावर काय चिडणार? त्याच्या आज्याची शेती त्याच पाण्याखाली आहे, असंही त्याने बोलता बोलता सांगितलं.

आता आमचीच गोष्ट. माझ्या मेहुण्याने हवेची कयाक घेतली आहे. घडी केली की ट्रेकिंगच्या सॅकएवढी होते, पायाने पंप मारायचा की फुगते. मुलुंडहून निघताना ती डिकीत बॅगांच्या खाली आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांच्या डब्याला टेकून होती. लोणावळ्याच्या पलीकडे एका धरणाच्या काठावरचं रिसॉर्ट. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एकाचा नाही. त्यांची स्वतःची जेट्टी होती, म्हणजे निळे प्लास्टिकचे ड्रम, वर प्लायच्या फळ्या, एका फळीचा खिळा बोटभर वर आलेला, आणि सगळा तराफा नायलॉनच्या दोरीने काठच्या बाभळीला बांधलेला. आम्ही त्या फळ्यांवर पायही ठेवला नाही. सकाळी कयाक उचलून पाण्यात सोडली, तासभर वल्हवलं, बाहेर काढली आणि गवतावर पालथी घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चेक-आउटच्या बिलात ओळ होती: डॉकिंग चार्जेस, बाहेरील बोट, ५०० गुणिले २. वर अठरा टक्के जीएसटी.

“हे कशाचे?”

“सर, बोट लावली होती ना तुम्ही दोन दिवस.”

“लावली कुठे? गवतावर पालथी होती.”

“तोच आपला वॉटरफ्रंट आहे सर.”

मेहुणा अशा वेळी फार शांत होतो. त्याने विचारलं, “समजा, हवा काढून रूममध्ये ठेवली असती तर?”

काउंटरवरचा मुलगा प्रामाणिक होता. विचार करून म्हणाला, “मग नसते लागले, सर.”

म्हणजे पैसे त्या कयाकीत भरलेल्या हवेचे. मग मॅनेजर आले, ‘मॅनेजमेंटची पॉलिसी’ झाली, रेटकार्ड दाखवा म्हटल्यावर रेटकार्ड ‘अपडेट होतंय’ झालं आणि शेवटी ‘स्पेशल केस’ म्हणून निम्मे पैसे कमी केले. मला जास्त खटकलं ते हे निम्मं. आवाज चढवल्यावर अर्ध्यावर येतो, त्याला दर म्हणत नाहीत. जो भांडला नाही त्याने पूर्ण भरले, आणि रविवारी सकाळी अकराच्या चेक-आउटला, मुलं गाडीत बसून हॉर्न वाजवत असताना, एक्स्प्रेस वेवरचा ट्रॅफिक डोळ्यांसमोर दिसत असताना भांडतो कोण? हिशेब नेमका त्यावरच बसवलेला असतो.

हे सगळं लग्नाच्या हॉलसारखं झालंय. हॉलचं भाडं ऐकून आपण खूश होतो, मग लाइटबिल वेगळं, सफाई वेगळी, जनरेटर वेगळा, आपला केटरर आणला तर त्याची रॉयल्टी वेगळी. तिथे निदान मुलीचा मामा दोन महिने आधी जाऊन सगळं विचारून येतो.

दुसरा प्रश्न जास्त मूलभूत आहे आणि तो कोणी विचारत नाही. हा काठ कोणाचा? सरकारी धरणाचं पाणी आणि बुडीत क्षेत्राची जमीन सरकारने संपादन केलेली असते, ताबा जलसंपदा विभागाकडे असतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की जो गाळाचा पट्टा उघडा पडतो, तोही सरकारी. रिसॉर्टचा सातबारा त्याच्या वर कुठेतरी सुरू होतो. तरीही कुंपणाची तार थेट पाण्यात उतरवलेली मी पाहिली आहे. (मुळशीची गोष्ट जरा वेगळी. ते धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं आणि त्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. शंभर वर्षांपूर्वी ज्या काठासाठी मावळे तुरुंगात गेले, त्या काठाला आज ‘लेक व्ह्यू’ म्हणतात.) तर रिसॉर्टवाल्याने परवानगी काढून खरी जेट्टी बांधली असेल, आणि मी ती वापरली, तर भाडं घ्यावं. पण सरकारी गवतावर मी माझी होडी पालथी घातली, तर त्याचे पैसे रिसॉर्टने कोणत्या हक्काने घ्यायचे? आणि घेतले तर त्यातला किती वाटा जलसंपदा विभागाला जातो? ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांना किती? पवनेचे धरणग्रस्त अजून जमिनीसाठी मोर्चे काढतात आणि त्याच पाण्याच्या काठावर हवेच्या होडीला ‘वॉटरफ्रंट’ची फी लागते.

उलट कोयनेकडे बामणोलीला गेलात तर वासोट्यासाठी वन खात्याची परवानगी वेगळी काढावी लागते, बोट क्लबचे वेगळे द्यावे लागतात, पार्किंगचे वेगळे. एकूण आकडा कमी नसतो. पण तो पाण्यात उतरायच्या आधी कळतो. दहा-बारा जणांचा गट नसेल तर परवडत नाही, हेही तिथल्या तिथे समजतं, मग लोक तिथेच दुसऱ्या ग्रुपशी ओळख काढून बोट भरतात. माझा एक मित्र अशाच भरलेल्या बोटीत पुढे त्याचा बिझनेस पार्टनर झालेल्या माणसाला भेटला. असो.

माझा आतेभाऊ अमेरिकेत मिनेसोटाला असतो. तिथे तळी हजारोंनी, आणि मध्यमवर्गीय घरातही होडी असणं नवलाचं नाही. गाडीमागे ट्रेलरवर होडी ओढत लोक तळ्याकाठच्या रिसॉर्टला जातात. त्याला हा प्रकार सांगितला तर तो हसला, म्हणाला, इकडेही आहे की! पाण्यात होडी उतरवायच्या उताराचे पैसे, रात्रभर धक्क्याला बांधायच्या जागेचे पैसे, ट्रेलर उभा करायचे पैसे, आणि रूम बुक करताना यातलं काही डोळ्यांसमोर नसेल, तर पोचल्यावर लोकांची अशीच चिडचिड होते. तिथे निदान खर्च डोळ्यांना दिसतो. तळी गोठतात, बर्फाच्या रेट्याने धक्के मोडतात, म्हणून थंडीपूर्वी धक्के उचलून बाहेर काढायचे आणि वसंतात परत बसवायचे. मिनेसोटाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला की सक्तीची फी जाहिरातीतल्या किमतीत धरलीच पाहिजे. मे २०२५ पासून त्यांच्या केंद्रीय व्यापार आयोगाचाही तसा नियम हॉटेलांना लागू झाला. गंमत अशी की होडी बांधणं ‘ऐच्छिक’ धरलं जातं, त्यामुळे ते त्या एकूण किमतीत येत नाही. तळ्याकाठच्या रिसॉर्टला होडी घेऊन गेलेल्या माणसाला होडी बांधणं ऐच्छिक. रात्रभर हातात धरून बसावं बहुतेक.

आपल्याकडे कायदा नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला जी ‘डार्क पॅटर्न’ची, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला गंडवायच्या क्लृप्त्यांविरुद्धची, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार दिले आहेत. सुरुवातीला किंमत लपवायची आणि मागाहून थेंबथेंब वाढवायची, तो ‘ड्रिप प्रायसिंग’ हा त्यातलाच एक. ऑनलाइन बुकिंगला ते सरळ लागू होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. त्यामुळे जेट्टीवरचा माणूस ‘रोखच लागतील, पावती नाही’ म्हणाला, तर आपण त्याच्यावर उपकार करत नसतो, नियम तोडायला मदत करत असतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलतात. रेस्टॉरंटमधला सर्व्हिस चार्ज आपण इतकी वर्षं मुकाट भरला, शेवटी मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो सक्तीने लावता येणार नाही, हे मान्य केलं. धक्क्याच्या पैशांसाठी कोणी कोर्टात जाईल असं वाटत नाही. रक्कम लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच ती टिकून आहे.

एका बाबतीत मात्र मी लहान-मोठं बघणार नाही. लाइफ जॅकेटचे वेगळे पैसे. हे मी दोन ठिकाणी ऐकलं, ‘जॅकेट हवं असेल तर शंभर रुपये’. हवं असेल तर? २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि मुंबईने काय पाहिलं, ते सगळ्यांना आठवत असेल. जॅकेट हा मेन्यूकार्डावरचा एक्स्ट्रा चीज नव्हे. ज्या बोटीत जॅकेटचे पैसे वेगळे, त्या बोटीत बसू नका, आणि पोरांना तर अजिबात बसवू नका. मग बोटवाला कितीही म्हणू दे, ‘पाणी कंबरेएवढंच आहे, काका’.

रिसॉर्टवाल्यांची बाजूही ऐकली आहे मी. एक ओळखीतले गृहस्थ तळ्याकाठी चार खोल्या चालवतात. त्यांचं म्हणणं, लोक बाहेरून फुगवायच्या बोटी आणतात, दारू पिऊन पाण्यात उतरतात, काही झालं की पोलीस आमच्या दारात, म्हणून फी लावली की निदान नोंद तरी राहते. मुद्दा बिनतोड आहे. पण मग नोंद ठेवा ना! रजिस्टरवर सही घ्या, बोटीचा फोटो काढा, जॅकेट अंगात असल्याशिवाय पाण्यात सोडू नका. पाचशे रुपये दिलेला दारुडा बुडत नाही का? ते हसले, म्हणाले, “आमचंही पोट आहे हो.” हे मला जास्त पटलं. पोटासाठीच असेल तर रूमच्या भाड्यात घाला, आम्ही भरू.

डिसेंबरातल्या ट्रिपसाठी मेहुण्याने या वेळी पद्धत बदलली आहे. त्याने पाच रिसॉर्टना एकच मेसेज टाकला: आमची स्वतःची कयाक आहे, काठावर ठेवायचे, पाण्यात उतरवायचे, जेट्टी वापरायचे काही पैसे असतील तर आकडा लिहून कळवा. दोघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी ‘कम फर्स्ट सर, वी विल सी’ असं गोड उत्तर दिलं. पाचव्या ठिकाणच्या बाईंनी मराठीत लिहिलं, ‘कयाकचे दिवसाला २०० होतील, जॅकेट सक्तीचं आहे, आमच्याकडे मिळेल, त्याचे पैसे नाहीत. सूर्यास्तानंतर पाण्यात जाता येणार नाही.’ रूम बाकीच्यांपेक्षा महाग आहे. तरी बुकिंग तिथेच केलंय, ऍडव्हान्सही गेला. एक खोली रिकामी आहे, कोणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. कयाक स्वतःची आणा, पंप आमच्याकडे आहे.