सेन्सर उखडण्याआधी त्याचा नॉब बघा

नमस्कार. सोसायटीत दिव्यांना सेन्सर लावण्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: टॉवरच्या जिन्यात माणसाची चाहूल लागताच दिवा लावणारे सेन्सर बसवले, आई दोन मजले उतरेपर्यंत मध्येच मिट्ट काळोख झाला, काही सेन्सर वर्षभरात बंदही पडले. वॉचमन बटण दाबतोच, मग एलईडी आल्यावर एवढ्याशा विजेसाठी हा खटाटोप कशाला?

आधी आईंचं. जिन्यातला दिवा पूर्ण विझताच कामा नये. माणूस नसताना मंद राहणारे दिवे मिळतात, तेच घ्यायला हवे होते. पण आहेत त्या सेन्सरकडेही जरा बघा. मागे किंवा कडेला स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे बारीक नॉब असतात, त्यातला एक वेळेचा. इलेक्ट्रिशियन तो चाचणीसाठी पाच-दहा सेकंदांवर ठेवतो, दिवा लागतो-विझतो हे दाखवतो आणि बिल घेऊन जातो. नॉब तिथेच राहतो! तो तीन-चार मिनिटांवर न्या. शिवाय साधा पीआयआर सेन्सर, म्हणजे हलत्या अंगाची उष्णता ओळखणारा, आडवं जाणारं माणूस चटकन टिपतो, सरळ अंगावर येणारं उशिरा. मे महिन्यात हवा अंगाइतकी तापली की आणखी मंदावतो. बीमच्या आड लावलेला असेल तर बोलायलाच नको. आणि आगीच्या वेळचे इमर्जन्सी दिवे सेन्सरच्या सर्किटवर नाहीत ना, तेवढं आजच तपासा.

बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण: खोक्यावरचे १००० वॅट हे जुन्या पिवळ्या बल्बसाठी असतात. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, चालू होताना क्षणभर जबर करंट खेचतो, त्याने सेन्सरमधल्या रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, काँटॅक्ट चिकटतात. एलईडीसाठीचा आकडा बारीक अक्षरात असतो आणि बराच कमी असतो. एकाच सेन्सरवर चार मजले जोडले की झालं.

‘एवढीशी वीज’ लिफ्टसमोरच्या १० वॅटच्या दिव्याला लागू आहे. तो दिवसाला पाव युनिटही खात नाही, तिथे मीही सेन्सर लावणार नाही. पण बेसमेंट घ्या. २० वॅटच्या १०० ट्यूब चोवीस तास, म्हणजे रोज ४८ युनिट. रात्री दोनला तिथे असतं कोण? माणूस नसताना ५ वॅटवर उतरणाऱ्या ट्यूब लावल्या आणि पूर्ण उजेड दिवसातून चार तास लागला, तर खर्च १८ युनिट. महिन्याला ९०० युनिट वाचले. कॉमन मीटर घरगुती दरात असेल, तर ५०० युनिटांवरचा टप्पा सगळ्यात महाग, आणि वाचतात ते बहुतेक तिथलेच.

राहिला वॉचमन. गेट सोडून तो गच्चीवर कधी जाणार? कंपाउंडच्या दिव्यांना सेन्सर नकोच, सूर्यास्त-सूर्योदयाच्या वेळा धरून दिवे लावणारा-विझवणारा अॅस्ट्रो टायमर लावा. मुंबईत सूर्य नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. हा फरक टायमर तारखेप्रमाणे आपला आपण धरतो.

सेन्सरच्या खोक्याचा फोटो टाकलात तर एकावर किती दिवे चालतील ते सांगतो.