सूज उतरली, गोळी बंद?

हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपांवर आलाय, एकदा तर एकाच सकाळी दोन ठिकाणांहून. मजकूर थोडक्यात असा: ‘पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली तर घाबरू नका. डॉक्टर देतात ती रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदीर मारायचं औषध, त्याने किडनी जाते. घेत असाल तर सूज उतरली की बंद करा. पंधरा दिवस पलंगावरून उठू नका, कोमट तिळाच्या तेलाने पोटरी खालून वर चोळा, अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या चावा. गाठ विरघळून जाते.’ खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’

मी डॉक्टर नाही. पण घोट्याचं प्लास्टर निघाल्यावरही काकूचा पाय सुजलेलाच राहिला आणि डॉप्लरमध्ये, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मांडीपर्यंत गाठ दिसली, तेव्हापासून तिच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. त्या काळात बरंच विचारलं, वाचलं. म्हणून नुसतं ‘फेक आहे’ लिहून गप्प बसवत नाही.

उंदराच्या औषधापासून सुरुवात करू, कारण यात अर्धं सत्य आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी धरलेला एक चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्याच्याच कुळातलं वॉरफॅरिन १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं आणि काही वर्षांतच माणसांसाठीही वापरात आलं. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं होतं. फरक मात्रेचा. माणसात आयएनआर नावाची, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी करून, साधारण २ ते ३ च्या मध्ये आकडा राहील एवढीच मात्रा देतात. आपल्याकडे अनेकांना मिळणारी असिट्रोम ही त्याच जातीची गोळी. हल्लीच्या रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन या गोळ्या मात्र वेगळ्याच घराण्यातल्या. उंदरांशी त्यांचा कधीच संबंध नव्हता.

किडनीचं म्हणाल तर ती कशी चालते हे तपासूनच कुठली गोळी द्यायची ते ठरवतात. या औषधांचा खरा धोका रक्तस्रावाचा, आणि मेसेजमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नाही. शौचाला काळं होणं, लघवीतून रक्त, डोक्याला मार लागणं, यातलं काहीही झालं तर लगेच डॉक्टर गाठायचा. आणखी एक गोष्ट आपल्या घरांत सर्रास होते: गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणायचं. या गोळ्यांसोबत ते घेतलं तर रक्तस्रावाची शक्यता चांगलीच वाढते. काकूच्या डब्यातून मी अशी अख्खी पट्टी काढून ठेवली होती, त्यावरून दोन दिवस अबोला.

आता ‘गाठ विरघळते’. खरी गंमत अशी की डॉक्टरांची गोळीसुद्धा गाठ विरघळवत नाही. ती गाठ वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं, आणि ते आठवड्यांचं, महिन्यांचं काम आहे. तेवढ्या वेळात गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकू नये म्हणून गोळी. न दिल्यास काय होतं हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १९६० साली दिसलं. फुप्फुसात गाठ गेलेल्या ३५ रुग्णांपैकी औषध न दिलेल्या १९ जणांतले ५ पुन्हा तशीच गाठ जाऊन दगावले. औषध दिलेल्या १६ जणांत या कारणाने एकही गेला नाही. संख्या लहान, पण फरक इतका ढळढळीत की नंतर सगळ्यांनाच औषध द्यायला लागले. लसणाबद्दल एवढंच: फोडणीत घाला, चटणी करा. या आजारावर औषध म्हणून त्याचा काही पुरावा नाही.

सगळ्यात घातक वाक्य मात्र ‘सूज उतरली की बंद करा’ हेच. काकूची सूज विसाव्या दिवशी निम्म्यावर आली आणि काकूही हटून बसली, ‘आता कशाला?’ सूज उतरते कारण आजूबाजूच्या शिरा रक्त वाहून न्यायला लागतात. गाठ तिथेच असते. म्हणून कमीत कमी तीन महिने. पहिल्या दिवसांत मात्राही जास्त असते: रिव्हारॉक्साबॅन पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणासोबत, मग २० मिलिग्रॅम एकदा, अपिक्साबॅन पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दोनदा, मग ५ मिलिग्रॅम दोनदा. हा बदल घरात एकाने तरी कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

तीन महिन्यांनंतर पुढे काय, हे गाठ कशामुळे झाली त्यावर ठरतं. प्लास्टर, मोठी शस्त्रक्रिया असं तात्पुरतं कारण असेल तर बहुधा तिथे थांबवतात. काहीच कारण सापडलं नाही तर गोष्ट निराळी. अशा शंभर जणांनी औषध थांबवलं तर पहिल्या वर्षातच साधारण १० जणांना पुन्हा गाठ होते, दहा वर्षांत सुमारे ३६ जणांना. म्हणून त्यांना कमी मात्रेत का होईना, गोळी पुढे चालू ठेवायला सांगतात. त्याऐवजी ‘अ‍ॅस्पिरिनही रक्त पातळच करते ना’ म्हणणाऱ्यांसाठी २०१७ चा एक अभ्यास आहे. सहा ते बारा महिने उपचार झालेल्यांना त्यानंतर अ‍ॅस्पिरिन दिलं तेव्हा ४.४ टक्के लोकांना पुन्हा गाठ झाली, १० मिलिग्रॅम रिव्हारॉक्साबॅन दिलेल्यांत १.२ टक्के.

पलंगावर पंधरा दिवस. हा सल्ला एके काळी डॉक्टरही देत, तुकडा सुटेल या भीतीने. तपासून पाहिल्यावर कळलं की औषध नीट सुरू असताना चालण्याने तो धोका वाढत नाही, उलट दुखणं आणि सूज लवकर कमी होते. पोटरीचा स्नायू हा पायातल्या रक्ताचा पंप; तो बंद पडला की रक्त साचतं. मुळात कित्येकांना गाठ होते तीच पडून राहिल्याने.

मालिश मात्र करू नका. गाठ असलेला पाय जोरात रगडल्यावर ती फुप्फुसात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मला इथे बाळंतिणीची आठवण होते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे हा गाठ होण्याच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक काळ, आणि त्याच काळात आपण तिला खाटेवर झोपवून रोज पाय चोळून घेतो. दोन्ही पाय जरा दुखले तर समजू शकतो. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर तेलवालीला थांबवून डॉप्लर करून घ्या, ‘वात आहे’ म्हणत बसू नका. अंगावर पाजणाऱ्या आईला रक्त पातळ करणारी हेपरिनची इंजेक्शनं आणि वॉरफॅरिन दोन्ही चालतात, त्यामुळे बाळासाठी उपचार टाळायची गरज नाही. एकदम धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

या मेसेजची एक श्रीमंत आवृत्तीही फिरते: ‘तारेने गाठ काढून घ्या, पाय कायमचा मोकळा.’ म्हणजे शिरेत बारीक तार-नळी घालून गाठ तिथेच विरघळवायची किंवा ओढून काढायची. यामागची भीती खरी आहे. गाठीमुळे शिरेतल्या झडपा खराब होतात आणि शंभरातल्या वीस ते पन्नास जणांना पुढे पाय जड होणं, संध्याकाळची सूज, घोट्याजवळ काळी पडलेली कातडी, क्वचित न भरणारी जखम असा त्रास राहतो. पण अमेरिकेत ६९२ रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा त्रास तार घातलेल्यांत ४७ टक्के आणि नुसत्या गोळ्यांवर ४८ टक्के निघाला. मध्यम ते तीव्र त्रास मात्र तारेने कमी झाला, २४ वरून १८ टक्के. त्याबदल्यात पहिल्या दहा दिवसांतला मोठा रक्तस्राव ०.३ वरून १.७ टक्क्यांवर गेला. जांघेपर्यंत ताजी गाठ, तरुण वय, रक्तस्रावाचा धोका कमी, अशांसाठी विचार करण्याजोगा उपाय; सरसकट नाही. पायच धोक्यात असेल तर अर्थातच वेगळं.

घट्ट मोज्यांचंही तसंच. आधीच्या दोन अभ्यासांत त्यांनी हा त्रास निम्मा केला होता. मग २०१४ मध्ये ८०६ रुग्णांत खऱ्या मोज्यांची खोट्या, न दाबणाऱ्या मोज्यांशी तुलना झाली आणि फरक दिसला नाही. पायाला बरं वाटत असेल तर घालावेत, नाही सोसले तर अपराधी वाटून घेऊ नये. त्याच पायात दुसऱ्यांदा गाठ होऊ न देणं हा सगळ्यात मोठा बचाव, आणि त्यासाठी पुन्हा तीच कंटाळवाणी गोळी, सांगितलेल्या तारखेपर्यंत.

काकूची गोळी तीन महिन्यांनी डॉक्टरांनीच थांबवली. पाय अजून संध्याकाळी जरा भरतो. एसटीचा लांबचा प्रवास असला की ती मोजे घालते, उन्हाळ्यात शिव्या देत काढून टाकते, आणि गाडी थांबेल त्या प्रत्येक स्टँडवर खाली उतरून एक फेरी मारते.