रॉबर्ट द स्ट्राँगच्या वडिलांबद्दल

लेख आवडला, पण एका वाक्यापाशी अडखळलो. रॉबर्ट द स्ट्राँग, म्हणजे नवव्या शतकातला फ्रँक सरदार आणि फ्रान्सच्या कापे राजघराण्याचा पूर्वज, हा ऱ्हाइनकाठच्या वर्म्सचा काउंट रॉबर्ट याचा मुलगा, असं तुम्ही थेट लिहून टाकलंय. खाली वंशवृक्षही तसाच. हे सिद्ध झालेलं नाही, तो अनुमानाचा भाग आहे.

१९३६ मध्ये कार्ल ग्लोकनर या जर्मन अभ्यासकाने हे मत मांडलं. आधार मुख्यतः वर्म्सजवळच्या लॉर्श मठाच्या दानपत्रांचा. त्या काळी वंशपरंपरागत आडनावं नव्हती, पण घराण्यात ठरावीक नावं फिरत राहायची. वर्म्सकडच्या दानपत्रांत रॉबर्ट हे नाव पिढ्यानपिढ्या येतं, त्यावरून हा धागा जुळवला. मलाही तो पटतो. पण नुसत्या नावावरून बाप ठरवणं धोक्याचंच. उलट रिशेर हा रॅंसचा भिक्षू दहाव्या शतकाच्या अखेरीस वडिलांचं नाव विटिखिन देतो, जर्मनीहून आलेला परका म्हणून. तो सव्वाशे वर्षांनी लिहितोय, त्यामुळे त्याच्यावर फार भरवसा नको. तरी उल्लेख हवाच होता.

पुढची साखळी मात्र पक्की आहे. ८६६ मध्ये फ्रान्समधल्या ब्रिसार्तच्या लढाईत व्हायकिंग चर्चमध्ये अडकले होते. रेगिनो हा इतिवृत्तकार लिहितो, उकाड्यामुळे रॉबर्टने शिरस्त्राण आणि चिलखत उतरवलं होतं. शत्रू अचानक बाहेर पडला, रॉबर्ट तसाच धावला आणि मारला गेला. त्याचे दोन्ही मुलगे, ओडो आणि रॉबर्ट, पुढे पश्चिम फ्रँक राज्याचे (नंतरचा फ्रान्स) राजे झाले आणि पणतू ह्यू कापे ९८७ मध्ये त्याच गादीवर आला. वंशवृक्षात वर्म्सकडे जाणारी रेघ तेवढी तुटक करा, ही कळकळीची विनंती.